सुपरहिरो कॉमिक्सची मूळ पानं: किंमत कशी घडत गेली

जानेवारी 2022 मध्ये डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्सने ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं 25 वं मूळ पान लिलावात काढलं. माइक झेकने काढलेलं, 1984 सालचं. स्पायडर-मॅनच्या अंगावर तो काळा पोशाख कसा चढला, हा प्रसंग त्यावर आहे. बोली 28 लाख डॉलरवर थांबली. खरेदीदाराने द्यायचं 20 टक्के कमिशन धरून रक्कम 33 लाख 60 हजार झाली. बातम्यांत येणारे आकडे बहुतेक वेळा असे कमिशनसकट असतात, त्यामुळे दोन पानांच्या किमती ताडून बघताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

पान काढलं जात होतं तेव्हा मात्र ते छपाईचं साधन होतं. ब्रिस्टॉल बोर्डावर, म्हणजे जाड गुळगुळीत चित्रकागदावर, पेन्सिलर चित्र काढायचा, लेटरर त्याच बोर्डावर संवादांचे फुगे आणि मजकूर लिहायचा, मग इंकर ब्रश आणि निब घेऊन शाईने रेषा पक्क्या करायचा. संपादकाने सुचवलेल्या दुरुस्त्या पांढऱ्या रंगाने किंवा कागदाची ठिगळं चिकटवून व्हायच्या. समासातल्या सूचना फिक्या निळ्या पेन्सिलीने, कारण छपाईच्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे. रंग या बोर्डावर कधीच लागत नसत. ते पानाच्या लहान केलेल्या प्रतीवर वेगळे भरले जात. या ‘कलर गाइड’ही आज विकल्या जातात, पण मूळ पानाच्या तुलनेत अगदीच कमी किमतीला.

छपाईची फिल्म तयार झाली की बोर्डाचं काम संपलं. 1940-50 च्या दशकांतली असंख्य पानं फाडली गेली, जाळली गेली किंवा कचऱ्यात गेली. काही ऑफिस बघायला आलेल्या मुलांना वाटून टाकली. चित्रकाराला पानामागे ठरलेले पैसे मिळत आणि बोर्ड प्रकाशकाकडे राहत असे. सुपरमॅन-बॅटमॅनच्या सुरुवातीच्या वर्षांतलं पान आज क्वचितच दिसतं, त्याचं कारण हेच. बाजारातली ही टंचाई गोदाम रिकामं करण्याच्या कार्यालयीन निर्णयांतून आली आहे.

मार्व्हल या प्रकाशकाची 1960 च्या दशकातली पानं वाचली, पण गोदामात. त्यांतली बरीच तिथून नाहीशी झाली आणि पुढे संग्राहकांच्या हाती दिसू लागली. पानं चित्रकारांना परत मिळावीत यासाठी नील अ‍ॅडम्ससारखे चित्रकार आवाज उठवत होते. 1970 च्या दशकात डीसी (सुपरमॅन-बॅटमॅनचे प्रकाशक) आणि मार्व्हल दोघांनीही नवी पानं परत द्यायला सुरुवात केली. जुन्या पानांचं भांडण मात्र पेटलं ते जॅक कर्बीवरून. फँटास्टिक फोर, थॉर, हल्क यांची हजारो पानं काढणाऱ्या या माणसापुढे 1984 मध्ये चार पानी करारपत्र ठेवलं गेलं; इतरांना एका पानाचं पुरत होतं. सही केल्यास मिळणार होती फक्त 88 पानं. चित्रकार आणि वाचक त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि 1987 मध्ये त्याला सुमारे 2,000 पानं मिळाली. त्याने काढलेल्या एकूण कामाचा हा लहानसा हिस्सा होता. हा अन्याय पूर्ण भरून निघाला असं म्हणता येत नाही. म्हणूनच 60 च्या दशकातलं पान घेताना ते कोणाकडून कोणाकडे गेलं याची साखळी विचारावी, आणि जमेल तेवढी लेखी घ्यावी.

परत येणारी पानं सहसा पेन्सिलर आणि इंकर यांच्यात वाटली जात, बहुधा दोनास एक या प्रमाणात. त्यामुळे एका अंकाची सगळी पानं एकत्र सापडणं दुर्मिळ. याला ठळक अपवाद ‘अमेझिंग फँटसी’च्या 15 व्या अंकाचा. स्पायडर-मॅनची पहिली कथा ज्यात आली त्या अंकाची स्टीव्ह डिटकोने काढलेली 24 मूळ पानं एका निनावी दात्याने 2008 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. ती आता बाजारात येणार नाहीत.

बाजार उभा राहिला तो कॉमिक्सच्या चाहत्यांच्या संमेलनांत. 1968 पासून न्यू यॉर्कला फिल स्यूलिंगच्या संमेलनात पानं टेबलांवर थप्प्या लावून विकली जात. डिसेंबर 1991 मध्ये सदबीज या लिलावसंस्थेने कॉमिक्सचा पहिला लिलाव केला, 2001 मध्ये हेरिटेज या क्षेत्रात उतरलं, आणि झालेल्या विक्रीचे आकडे कोणालाही बघता येऊ लागले. ‘हल्क’ 180 चं शेवटचं पान, म्हणजे वुल्व्हरिन जिथे पहिल्यांदा दिसतो ते, चित्रकार हर्ब ट्रिंपेने 1983 मध्ये एका मुलाला भेट दिलं होतं. 2014 मध्ये ते 6,57,250 डॉलरला गेलं.

किंमत ठरते ती आधी पानाच्या प्रकारावर: मुखपृष्ठ सगळ्यांत वर, मग पूर्ण पानभर एकच चित्र असलेलं स्प्लॅश, मग पोशाखातला नायक असलेलं पॅनल पान, म्हणजे अनेक चौकटींत विभागलेलं, आणि तळाला साध्या कपड्यांतली माणसं नुसती बोलताहेत असं पान. इंकरचा वाटा नवखे लोक कमी धरतात. ‘फँटास्टिक फोर’मध्ये कर्बीच्या पेन्सिलीवर जो सिनॉटची शाई असली तर मागणी चढते; ‘थॉर’वर विन्स कोलेटाची असली तर तपशील गाळल्याची तक्रार ऐकू येते. आमच्या मते एखाद्या पात्राचं ‘पहिलं दर्शन’ या एका गोष्टीसाठी आज जरा जास्तच पैसे मोजले जातात, आणि उत्तम मांडणीची शांत पानं मागे पडतात.

खरेपणा तपासताना आधी मोजपट्टी घ्या. 1967 च्या आसपासपर्यंत चित्राची चौकट सुमारे 12 × 18 इंचांची असे. नंतर ती 10 × 15 वर आली आणि बोर्ड 11 × 17 चा झाला. 1964 चं म्हणून दाखवलेलं पान लहान आकारात असेल तर संशय घ्यावा. मग छापील अंक शेजारी ठेवून रेषा ताडाव्यात. लाइटबॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) गिरवलेल्या नकलेत रेषा अडखळते आणि तिची जाडी एकसुरी राहते. बाजूने तिरका उजेड टाकला की खऱ्या पानावर ब्रशच्या शाईचे थर, खोडलेल्या पेन्सिलीचे वळ आणि पांढऱ्या रंगाचे उंचवटे दिसतात. मागे कॉमिक्स कोड अथॉरिटीचा, म्हणजे कॉमिक्सचा मजकूर तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का असला तर चांगलंच, पण शिक्काही बनवता येतो.

पांढरा रंग आणि ठिगळं हे दोष नव्हेत, ती कामाचीच खूण आहे. खरा त्रास रबर सिमेंट या चिकटवण्याच्या गोंदाचा: ते तपकिरी पडतं आणि चिकटवलेले फुगे गळतात. गळलेला फुगा पाकिटात घालून पानासोबतच ठेवावा. घरच्या गोंदाने चिकटवू नये. मार्करने भरलेला काळा रंग उन्हात उडून जांभळट होतो, म्हणून फ्रेमला अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक आणि आम्लरहित माउंट लागतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पान भिंतीला टेकवून ठेवलं तर बुरशी धरते.

1990 च्या दशकापासून मजकूर संगणकावर लागू लागला, त्यामुळे नंतरच्या पानांवर बहुधा फुगे नसतात. पुढे इंकर फिक्या निळ्या प्रिंटवर शाई करू लागले, म्हणजे एकाच पानाची दोन ‘मूळ’ पानं झाली: एक पेन्सिलीचं, एक शाईचं. विक्रेत्याला यातलं कोणतं आहे हे स्पष्ट विचारावं. निळ्या प्रिंटवरचं शाईचं पान दोघांच्या हाताच्या पानापेक्षा स्वस्तच असायला हवं.