ट्रॅकिंग करताना समोर असते ती खिडकी

सोलापुरात व्हिडिओ एडिटिंगला बरेच जण अजून मिक्सिंगच म्हणतात, आणि तो शब्द काय उगाच टिकलेला नाही. कॅसेटच्या काळात टेबलावर दोन डेक अन् दोन टीव्ही असायचे, एक प्लेअरचा, एक रेकॉर्डरचा, मध्ये मिक्सर. टीव्हीवर दिसतंय तेच कॅसेटवर चाललंय, सिग्नल एकच, त्यामुळं चित्र फाटलेलं दिसलं की ते फाटलेलंच, विषय संपला. आज सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी दोन खिडक्या दिसतात ना, एडियसमध्ये तर त्यांची नावंही प्लेअर आणि रेकॉर्डरच आहेत, ते सगळं त्या टेबलावरून आलंय. दिसतंय तेच खरं ही सवयही तिथूनच लागली, आणि ट्रॅकिंगला, म्हणजे फुटेजमधली हलती जागा कॉम्प्युटरला फ्रेम-फ्रेमनं पकडायला लावायला बसलं की नेमकी तीच नडते.

तसं फार मागं गेलं तर फिल्मवरून चित्रं गिरवायच्या यंत्राच्या, रोटोस्कोपच्या, १९१७ च्या पेटंटमध्ये खिडकी म्हणजे खरोखरची काच होती, मागून फिल्मची एकेक फ्रेम टाकायची आणि पुढून पेन्सिलीनं गिरवायची. चित्राचा छोटा तुकडा पुढच्या चित्रात कुठं गेला हे कॉम्प्युटरला शोधायला लावायची गाजलेली पद्धत १९८१ ची. व्हिडिओवर इफेक्ट आणि ट्रॅकिंग करायचं सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स १९९३ ला आलं. आपल्याकडं या गोष्टी पोचल्या त्या मिनीडीव्ही ही डिजिटल कॅसेट आणि ती कॉम्प्युटरात उतरवायची फायरवायरची केबल आल्यावर.

त्या डीव्हीच्या फुटेजनं लई छळलंय. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण एका फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे सेकंदाला ५० वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी. घरच्या टीव्हीवर एकदम लोण्यासारखं दिसायचं आणि कॉम्प्युटरच्या खिडकीत तेच फुटेज हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात काढायचं. गिऱ्हाईक मागं बसलेलं असलं तर पहिला प्रश्न, कॅमेरा खराब आहे का. कॅमेरा बरोबर होता, खिडकी दोन क्षण एकत्र दाखवत होती. ट्रॅकरच्या ऑप्शनमध्ये फील्ड ट्रॅक करायची जी टिकमार्क आहे ती या काळाची आठवण आहे, ती दिली की फ्रेम रेट तात्पुरता दुप्पट होतो आणि प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम बनवून ट्रॅकिंग चालतं. आता मोबाईलवर शूट करणाऱ्या पोरांना ती कशाला आहे तेच कळत नाही.

खरा घोळ मात्र वेगळाच, लेयरची (एकट्या फुटेजची) खिडकी आणि कॉम्पची (सगळे लेयर एकावर एक रचलेल्या चित्राची) खिडकी. आफ्टर इफेक्ट्समध्ये पॉइंट ट्रॅकिंग लेयरच्या खिडकीत होतं, कॉम्पच्या नाही, आणि नवीन माणूस हमखास कॉम्पच्या खिडकीत ट्रॅकरचे दोन चौकोन, पकडायच्या जागेचा आतला आणि ती शोधायच्या हद्दीचा बाहेरचा, शोधत बसतो. असं का केलं यावर भांडण जुनं आहे. एक बाजू म्हणते, कामाचं चित्र कॉम्पमध्ये दिसतंय तर तिथंच ट्रॅक करू द्या की. दुसरी बाजू म्हणते, कॉम्पमध्ये तो लेयर लहान केलेला असतो, फिरवलेला असतो, वर टायटल, फुलं, काय काय ठेवलेलं असतं, ट्रॅकरला लेयरचे स्वतःचे पिक्सेल पाहिजेत. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण खिडक्या दिसायला इतक्या सारख्या ठेवायला नको होत्या हेही म्हणतो. त्यात प्रीकॉम्प केलेल्या, म्हणजे आत दुसरा कॉम्प असलेल्या लेयरवर डबल क्लिक केलं की लेयरची खिडकी न उघडता आतला कॉम्प उघडतो, लेयरसाठी आल्ट दाबून डबल क्लिक करावं लागतं. आणि ट्रॅकिंग एकदा नलवर, म्हणजे नुसती हालचाल धरून ठेवणाऱ्या न दिसणाऱ्या लेयरवर, लावून झाल्यावर फुटेज लहान-मोठं केलं तर नल जुन्याच जागेवर फिरत राहतो. हे मी एका लग्नाच्या टायटलमध्ये करून बसलोय, नवरीचं नाव पुढं आणि नवरी मागं.

झूम आणि रिझोल्यूशन या दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात. रिझोल्यूशन हाफ केलं की रुंदीत अर्धे, उंचीत अर्धे, म्हणजे चौथाईच पिक्सेल काढले जातात. फुल एचडी फुटेज ३३ टक्क्यांवर बघितलं तर स्क्रीनच्या एका ठिपक्यात नऊ पिक्सेल कोंबलेले असतात, तिथं चौकोन बारीक जागेवर बसवला म्हणणं म्हणजे अंदाजपंचे. चौकोन ओढताना आतला भाग मोठा करून दाखवायची सोय आहे ती याच्यासाठीच.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचं फुटेज घेऊन बसा म्हणजे कळेल. मिरवणुकीतल्या सात उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, त्यांच्या टोकामागं आकाश असलं की ट्रॅकर सरळ चालतो. खाली बघावं तर जिकडं तिकडं पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा), एका खांद्यावरचा चौकोन दुसऱ्याच्या खांद्यावर कधी गेला पत्ता लागत नाही. चादरीच्या डिझाईनवरही हेच होतं, तीच नक्षी चार बोटांवर परत येते, ट्रॅकरला दोन्ही जागा सारख्याच.

नंतर खिडक्या वाढतच गेल्या. २००८ च्या सीएस४ या आफ्टर इफेक्ट्सच्या आवृत्तीसोबत मोचा हे वेगळं सॉफ्टवेअर आलं, बिंदूऐवजी सपाट पृष्ठभाग पकडणारं, त्याची खिडकी पूर्ण वेगळी. २०११ च्या डिसेंबरात थ्रीडीच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या २.६१ मध्ये फुकटात ट्रॅकिंग मिळालं, तिथं त्यासाठी स्वतंत्र क्लिप एडिटरच दिला. २०१२ ला आफ्टर इफेक्ट्स सीएस६ मध्ये शूट करताना कॅमेरा कसा हलला ते शोधणारा कॅमेरा ट्रॅकर आला आणि रंगीत फुल्या थेट कॉम्पच्या खिडकीत दिसायला लागल्या, म्हणजे त्या जुन्या भांडणात पहिल्या बाजूला थोडं मिळालं म्हणायचं. निळी पट्टी विश्लेषणाची, नारिंगी पट्टी कॅमेऱ्याची हालचाल हिशोबानं काढण्याची, तोपर्यंत तुम्ही दुसरं काम करा. बाराबंदीवर बसलेल्या फुल्या मात्र लासो मारून हातानंच डिलीट कराव्या लागतात.