होल मारलेली टाकी की टांगता सायफन: लाईन गेल्यावर कळणारा फरक

घरात मोठी समुद्री टाकी करायची ठरली की काच, मीठ, खडक, दिवे यांवर खूप बोलणं होतं. वरच्या टाकीतलं पाणी खालच्या सम्पमध्ये (स्टँडखालची लहान टाकी, जिच्यातली मोटर पाणी परत वर चढवते) उतरणार कसं, हा प्रश्न मात्र शेवटी निघतो. तेव्हा दुकानदार दोन वस्तू दाखवतो आणि दोन्हींना ओव्हरफ्लोच म्हणतो. एकीसाठी काचेला होल मारावा लागतो, दुसरी काठावर टांगली की झालं. मोटर चालू असताना दोन्ही सारख्याच दिसतात. दाते असलेल्या कडेवरून पाणी पेटीत पडतं आणि पाइपने खाली जातं. म्हणून लोक किंमत आणि सोय बघून टांगती पेटी घेऊन येतात.

आपल्या विदर्भातल्या गावात निवड करताना आधी एकच गोष्ट तपासावी. लाईन गेली, दोन तासांनी परत आली आणि घरातले सगळे वावरात असले, तर पाणी कुठे जाईल?

सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी धरू. काठोकाठ भरली तर सुमारे ६८० लिटर पाणी. काच, खडक, स्टँड मिळून वजन टनाच्या आसपास जातं, त्यामुळे ती तळमजल्यावर, पक्क्या फरशीवरच ठेवावी. होल मारलेल्या टाकीत मागच्या काचेच्या वरच्या भागात टँक निपल (होलमधून पाइप जोडायचं फिटिंग) बसवलेला असतो आणि त्याच्यापुढे आतून दात्यांची पेटी. पाण्याची पातळी त्या पेटीच्या कडेवर ठरते. मोटर जेवढं पाणी वर चढवते तेवढंच कडेवरून पेटीत पडतं आणि आपल्या वजनाने खाली उतरतं. मोटर थांबली की कडेच्या वरचा थर तेवढा उतरतो आणि पाणी थांबतं. या मापाच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळपास २८ लिटर. सम्पमध्ये तेवढी आणि पाइपातलं, पेटीतलं पाणी धरून थोडी जास्त जागा रिकामी ठेवायची. लाईन आली की पातळी पुन्हा कडेवर येते आणि पाणी आपोआप पडू लागतं. कुणी हात लावावा लागत नाही.

टांगत्या प्रकारात एक पेटी काठाच्या आत, एक बाहेर, आणि दोघींना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी असते. ड्रममधून डिझेल काढताना नळी ओढून भरतो आणि मग ते आपोआप वाहतं, तेच तत्त्व इथे आहे. नळी पूर्ण भरलेली असेल तोवर पाणी काठ ओलांडतं. चांगल्या बनावटीच्या पेटीत मोटर बंद झाल्यावरही नळीची दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली राहतात, त्यामुळे सायफन टिकतो आणि मोटर सुरू झाली की परत वाहू लागतो. विकणारा हे सांगतो आणि त्यात खोटं काही नाही.

धोका नळीच्या माथ्यावर आहे. तिथे पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून विरघळलेली हवा तिथे सुटून बाहेर पडते. दात्यांवरून कोसळणारं पाणीही बारीक बुडबुडे सोबत आणतं. वाहाव जोरात असेल तर ते पुढे ओढले जातात, मंद असेल तर माथ्याला अडकतात. पारदर्शक नळी असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. आधी वरच्या वळणाला एक लहान बुडबुडा चिकटतो, दुसरा येऊन त्याला मिळतो, तो लांबट होत जातो, नळीची अर्धी जागा व्यापतो, आणि मग कधीतरी पाणी मधोमध तुटतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की हवा आणखी सुटते.

सायफन तुटला तरी मोटर चालूच राहते. सम्पमधलं पाणी ती वर फेकत राहते, उतरायला वाट नसते, आणि काठ भरला की पाणी फरशीवर येतं. सम्पला ऑटो टॉप-ऑफ (पातळी घटली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) लावलेला असेल तर प्रकार आणखी वाईट होतो. त्याला फक्त मोटरच्या कप्प्यातली पातळी खाली गेलेली दिसते. पाणी उडून गेलं असं समजून तो साठ्याच्या डब्यातलं गोडं पाणी सोडत राहतो. खारं पाणी फरशीवर, गोडं पाणी टाकीत, आणि क्षारता घसरत जाते. घरी परतेपर्यंत मासे आणि प्रवाळ दोन्ही संकटात.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. होल मारलेल्या टाकीतही काही जण "फुल सायफन" चालवतात. हर्बी या पद्धतीत दोन पाइप असतात. एक व्हॉल्व्हने नेमका लावलेला, पूर्ण पाण्याने भरून वाहणारा, आणि दुसरा जरा उंच, कोरडा, अडचणीसाठी राखून ठेवलेला. बीनअ‍ॅनिमल पद्धतीत तीन पाइप असतात. हा सायफन मात्र काठ ओलांडत नाही. त्याचं तोंड पाण्याखाली असतं आणि पाइप सरळ खाली जातो. लाईन आली की पेटीत पाणी चढतं, हवा पाइपातून खाली ढकलली जाते आणि सायफन आपोआप सुरू होतो. तो नाही धरला तरी राखीव पाइप पाणी घेतो. "सायफन वाईट" एवढंच ऐकून हे टाळू नका. मोठ्या टाकीसाठी माझं मत हर्बीच्याच बाजूने आहे. आवाज फार कमी होतो आणि राखीव वाट कायम तयार असते.

टांगती पेटी कुणी घ्यावीच नये, असं नाही. टफन्ड काचेला होल मारता येत नाही, मारायला गेलं की अख्खी काच चुरा होते. टाकी आधीच भरलेली असेल तरी दुसरा इलाज नसतो. मग दोन पथ्यं पाळावीत. नळीतला वाहाव जोरात राहील एवढीच जाड नळी घ्यावी, आणि सम्पमधला मोटरचा कप्पा इतका लहान ठेवावा की तो पूर्ण उपसला तरी वरच्या टाकीत ते पाणी मावेल. दुसऱ्या पथ्याची किंमत मे महिन्यात मोजावी लागते. पंखा नि कूलर चालू असताना पाणी झपाट्याने उडतं, लहान कप्पा लवकर आटतो, आणि टॉप-ऑफशिवाय भागत नाही. त्या टॉप-ऑफचा डबाही म्हणूनच लहान ठेवावा. नवी टाकी बनवून घेत असाल, नागपूर किंवा अमरावतीला ऑर्डर देत असाल, तर साध्या फ्लोट काचेची घ्या आणि भरण्याआधीच डायमंड होल-सॉने, पाणी सोडत, होल मारून घ्या.

टँक निपल बसवताना रबर वॉशर चक्रीच्या (निपलच्या रुंद कडेच्या) बाजूला, काचेला चिकटून यायला हवा. नट हाताने घट्ट, वर फार तर पाव फेरा. पाइप घेताना तालुक्याच्या ठिकाणी एक घोळ होतो. वावरातला पीव्हीसी पाइप मिलिमीटरच्या मापाचा, तर प्लंबिंगचा यूपीव्हीसी इंचाचा. ३२ मिमीचा पाइप एक इंची फिटिंगमध्ये सैल बसतो, कारण त्या फिटिंगचा पाइप बाहेरून ३३.४ मिमी असतो. सोल्युशन भरून तो सांधा टिकत नाही. सगळं एकाच मापाचं घ्या. पितळी व्हॉल्व्ह, तांब्याचा किंवा जीआयचा तुकडा कुठेही नको. तांबं पाण्यात उतरलं की प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात.

रिटर्न पाइपकडे, म्हणजे सम्पमधलं पाणी टाकीत चढवणाऱ्या पाइपकडे, दोन्ही प्रकारांत सारखंच लक्ष द्यावं लागतं. मोटर थांबली की त्याचं वरचं तोंड उलटा सायफन होऊन टाकी खाली ओढू लागतं. तोंड पाण्याच्या पातळीपासून फार खोल ठेवू नका आणि पातळीच्या जरा खाली पाइपाला बारीक होल पाडा, म्हणजे पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून ओढ तुटते. हे होल शेवाळाने बुजतं, काडीने साफ करत राहावं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त नको. मिठाचे थर आणि गोगलगायी त्याची झडप नीट बंद होऊ देत नाहीत.

पाण्याबद्दल थोडक्यात. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणीच खारं, मग मीठ कमी लागेल, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या क्षारांचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. आधी आरओ-डीआय (क्षार काढून टाकणारा फिल्टर), मग समुद्री मीठ, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. टॉप-ऑफला मात्र नेहमी बिनमिठाचं आरओ पाणी, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही.

लाईन जास्त वेळ गेली की पाण्याच्याही आधी ऑक्सिजनची अडचण होते, तापलेल्या पाण्यात तर लवकरच. इन्व्हर्टरवर रिटर्न मोटरऐवजी एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) किंवा एअर पंप टाका, बॅटरी खूप वेळ पुरते.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. मोटर चालवून पाणी स्थिर होऊ द्या, मग मेन स्विच बंद करा. सम्प कुठवर भरतो ते बघा, तासाभराने परत बघा, स्विच चालू करून टाकी आपोआप वाहते का ते बघा. टांगती पेटी असेल तर मोटर चालू असताना मुद्दाम सायफन तोडा आणि काठावरून पाणी सांडतं का ते तपासा. होलची टाकी असेल आणि हर्बीसारखा राखीव पाइप असेल तर मुख्य पाइपचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून राखीव पाइप एकटा सगळं पाणी घेतो का ते बघा. सगळं जमलं की मोटर चालू असतानाच सम्पच्या काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारून ठेवा आणि त्या रेघेच्या वर सम्प कधीही भरू नका.