गेमला ७ प्लस आहे, व्हिडिओला नाही

"माइनक्राफ्टच तर बघतोय, त्यात काय एवढं?" पोरगं यूट्यूबवर दुसऱ्याने खेळलेल्या गेमचे व्हिडिओ बघत बसलं की आईबाप हेच म्हणतात, ऐकून ऐकून कान किटलेत आता.

गेम तुम्हाला माहितीये, ठोकळे फोडा, घर बांधा, रात्री झोंबी आले की पळा. कुठला गेम किती वयापासून चालेल ते ठरवणारं युरोपातलं पेगी त्याला ७ देतं, ठीकच आहे. पण ते रेटिंग गेमचं झालं. व्हिडिओत गेमच्या वर एक माणूस तासभर बडबडत असतो आणि त्याला कुणीच रेटिंग दिलेलं नसतं. हरला की तो आईबहिणीवरून शिव्या घालतो का, समोरच्या बारक्या प्लेयरला रडवून खिदळतो का, दर पाच मिनिटांनी पैसे पाठवा म्हणून पोरांच्या मागे लागतो का, हे पेगीला कुठनं कळणार? त्यात परत मॉड, म्हणजे गेमचं रूपच बदलणारे, लोकांनी बनवलेले जोड. मॉड टाकले की त्याच माइनक्राफ्टमध्ये रक्तबंबाळ हॉरर आणता येतं, थंबनेलवर मात्र तेच गोंडस ठोकळे. आणि रोब्लॉक्सचं तर बोलायलाच नको, तो एक गेम नाहीच, लोकांनी बनवलेले असंख्य गेम तिथे आहेत, त्यामुळे "रोब्लॉक्स बघतोय" म्हणजे नक्की काय बघतोय ते कळतच नाही.

उलटंही असतं. जीटीए फाइव्ह या मारामारी-गुन्हेगारीच्या गेमला पेगी १८ आहे, तरी त्यात नुसत्या गाड्या डोंगरावरून उडवणारे, साधं बोलणारे लोक आहेत. लहान पोराला मी तेही लावून देणार नाही, कारण उद्या ते गेमच मागणार, पण शिव्यांच्या माइनक्राफ्टपेक्षा परवडलं.

यूट्यूबवरची 'मेड फॉर किड्स' (मुलांसाठी बनवलेला) ही खूण म्हणजे वेगळंच प्रकरण. मुलांची ऑनलाइन माहिती जपणाऱ्या अमेरिकेतल्या कोप्पा कायद्यापायी २०२० पासून चॅनलवाल्यांना व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही ते सांगावं लागतं, मुलांसाठी म्हटलं की कमेंट आणि मुलांचा माग काढणाऱ्या जाहिराती बंद होतात. व्हिडिओ चांगला की वाईट याच्याशी त्या खुणेचा संबंध नाही.

तर स्क्रीन बघू नका, आवाज ऐका. तोही मधला, सुरुवातीला सगळेच गोड बोलतात. लाइव्ह असेल तर बाजूचं चॅट वाचा, खरं तर दहाच्या आतल्यांना लाइव्ह नकोच, एडिट केलेला निदान कुणीतरी एकदा बघून कापलेला असतो. आणि ते हेडफोन काढून घ्या हो! घरात कलकलाट नको म्हणून आपणच आणून देतो. स्पीकरवर लाव म्हणा, आणि पोरगं लगेच व्हिडिओ बदलतंय का ते बघा.