आयर्लंडच्या शेतातले गोल बांध

आयर्लंडच्या कुरणांत जागोजागी मातीचे गोल बांध दिसतात, त्यांवर हॉथॉर्नची काटेरी झुडपं माजलेली. अशा सुमारे 45,000 जागांची नोंद आहे. बहुतेक इ.स. 500 ते 1000 मधल्या, आणि त्या साध्या शेतकऱ्यांच्याच वस्त्या होत्या: मध्ये घर, भोवती खंदक आणि बांध, म्हणजे गुरं चोरांपासून सुरक्षित. वस्त्या उठल्या, वसवणारे विस्मरणात गेले. पुढच्या पिढ्यांनी ही वर्तुळं जमिनीखालच्या अदृश्य लोकांच्या नावे लावली. त्यांचं नाव घ्यायचं नाही, ‘भली माणसं’ म्हणायचं. बांध नांगरला, झुडूप तोडलं, तर गुरं दगावतात, घरात आजारपण शिरतं. राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आला 1930 साली. त्याआधी इतकी शतकं या अवशेषांची राखण मुख्यतः या धास्तीनंच केली, असं मला वाटतं.

बांध सपाट झाला तरी नावात उरतो. लिस्मोर, लिसडूनवार्ना, राथमोर यांतले ‘लिस’ आणि ‘राथ’ म्हणजे हेच कोट. 1824 मध्ये ब्रिटिश सरकारनं बेटाची मोजणी हाती घेतली, पुढे 1830 च्या दशकात त्या कामासाठी आयरिश भाषेचे अभ्यासक जॉन ओडोनोव्हन गावोगाव हिंडून वडीलधाऱ्यांच्या तोंडून मूळ नावं टिपत होते. छापील नकाशावर मात्र ती इंग्रजी वळणानं उतरली.

या समजुतींना गोड लोककथा म्हणून सोडून देता येत नाही. 1895 मध्ये टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लीअरी या तरुणीला नवऱ्यानं जाळून मारलं. ही माझी बायको नव्हेच, खरी त्या लोकांनी पळवली, असं तो म्हणत होता. ती पांढऱ्या घोड्यावरून परत येईल म्हणून जवळच्या कोटापाशी वाटही पाहत राहिला.

1937 ते 1939 या काळात आयर्लंडमधल्या शाळकरी मुलांनी घरच्या थोरांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवलं. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी दूध, लोणी, विस्तव घराबाहेर देऊ नये. शेजाऱ्याच्या गवतात अंडी लपवली की त्याची बरकत आपल्याकडे येते. असं पुष्कळ त्यात आहे. हा संग्रह आता इंटरनेटवर वाचता येतो.

1999 मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथं नव्या रस्त्याच्या आड ‘भल्या माणसां’चं मानलेलं असंच एक झुडूप आलं. कथाकथनकार एडी लेनिहान यांनी ते तोडू नका म्हणून आवाज उठवला आणि ते वाचलं. शेतातले कित्येक बांध मात्र ट्रॅक्टर आणि बुलडोझर आल्यावर भुईसपाट झाले.