साहित्यचर्चा वर्गाबाहेर कशी गेली?

कविता शिकवून झाल्यावर शिक्षक "समजलं का?" असे विचारतात आणि वर्ग एका सुरात "हो सर" म्हणतो. मराठीच्या तासाला विद्यार्थ्यांचा सहभाग बहुधा एवढाच असतो. याचे खापर मुलांच्या अबोलपणावर फोडणे सोपे आहे, पण या प्रथेची मुळे बरीच जुनी आहेत.

मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत 1848 मध्ये विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा सुरू झाली आणि त्याच वर्षी तिची मराठी शाखा, उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, स्थापन झाली. तेथे तरुण निबंध वाचत, त्यावर वाद घालत आणि एकमेकांची मते खोडून काढत. ही सगळी चर्चा चाले ती तासाबाहेर, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि परीक्षेचा दबदबा वाढत गेला, तसा वर्ग संदर्भासह स्पष्टीकरणात गुंतला, तर मतभेदाची हौस पुढे महाविद्यालयांच्या वाङ्मय मंडळांकडे आणि वक्तृत्व स्पर्धांकडे गेली. ही वाटणी आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की, वाङ्मय मंडळात तावातावाने बोलणारा मुलगा दुसऱ्या दिवशी तासाला गप्प बसतो याचे कोणालाही नवल वाटत नाही.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीऐवजी मुलांनी स्वतः अर्थ शोधण्यावर भर दिला. महाराष्ट्रात त्याचा ठसा कृतिपत्रिकेत, म्हणजे कृतींवर आधारित प्रश्नपत्रिकेत, दिसतो: 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकाबरोबर 'स्वमत' आणि 'अभिव्यक्ती' हे शब्द सर्वांच्या तोंडी झाले. मात्र त्याच वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकण्यात आले, कारण शाळा ते सढळ हाताने देतात असा आक्षेप होता. मार्च 2019 च्या परीक्षेत राज्याचा निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. या साऱ्या वादात गुणांचा हिशेब भरपूर झाला. मुलांनी वर्गात नेमके काय बोलावे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

स्वमताचेही तेच झाले. प्रश्न 'तुमचे मत लिहा' असा छापलेला असतो, आणि फळ्याशी उभे राहून उत्तर सांगितले जाते: "घ्या लिहून. माझ्या मते, स्वल्पविराम..."