एनएचएसमधल्या शिकाऊ डॉक्टरांसाठी सहकाऱ्यांचा अभिप्राय: कोणाला लागतो, कोणाकडून घ्यायचा, तयारी काय करायची

आपल्याकडे इंटर्नशिपची पोस्टिंग संपली की युनिट हेडची सही घ्यायची आणि पुढच्या पोस्टिंगला लागायचं. हा डॉक्टर कसा वागतो, हे वॉर्डातल्या मावशींना, मामांना किंवा रात्रपाळीच्या सिस्टरना कोणी विचारत नाही. खरं तर ते त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांत, हा प्रश्न याच माणसांना लेखी विचारला जातो आणि त्यांची उत्तरं तुमच्या वार्षिक मूल्यमापनात जातात. महाराष्ट्रातून प्लॅब (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची ब्रिटनमधल्या नोंदणीसाठीची परीक्षा) देऊन इथे येणारी अनेक मुलंमुली या प्रक्रियेला फॉर्म भरण्यापलीकडे महत्त्व देत नाहीत आणि शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात. तशी वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कोणाला लागतो

एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या फाउंडेशन प्रोग्रॅममध्ये, म्हणजे एफवन आणि एफटूमध्ये, दरवर्षी किमान एक 'टॅब' पूर्ण करावा लागतो. टॅब म्हणजे टीम असेसमेंट ऑफ बिहेवियर. पुढे स्पेशालिटी ट्रेनिंगमध्ये यालाच एमएसएफ, म्हणजे मल्टीसोर्स फीडबॅक म्हणतात. इंटर्नल मेडिसिन ट्रेनिंगमध्ये तो दरवर्षी एकदा लागतो. त्यात किमान 12 जणांची उत्तरं हवीत आणि त्यांपैकी 3 कन्सल्टंट असावे लागतात. शाखेनुसार आकडे बदलतात, म्हणून आपल्या अभ्यासक्रमातला आकडा पाहूनच यादी करा.

भारतातून येणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. 12 महिन्यांची इंटर्नशिप झालेली असल्यामुळे जीएमसीकडे, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या इथल्या परिषदेकडे, थेट पूर्ण नोंदणी होते. त्यामुळे बहुतेक जण एफवन न करता ट्रस्ट ग्रेड किंवा क्लिनिकल फेलो म्हणून, म्हणजे ट्रेनिंगबाहेरच्या नोकरीत, रुजू होतात. ट्रस्ट ग्रेड डॉक्टरला एआरसीपी, म्हणजे ट्रेनिंगमधल्यांचा वार्षिक आढावा, लागू नसतो. मात्र दरवर्षी अप्रेझल होतं आणि साधारण दर 5 वर्षांनी रिव्हॅलिडेशन, म्हणजे प्रॅक्टिसच्या परवान्याची फेरतपासणी. त्या चक्रात सहकाऱ्यांचा अभिप्राय किमान एकदा असलाच पाहिजे. पण म्हणून पाचव्या वर्षाची वाट पाहू नका, पहिल्याच वर्षी घ्या. स्पेशालिटीला अर्ज करताना क्रेस्ट फॉर्मवर (तुम्ही स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी तयार आहात, याचा दाखला) सही करणारा कन्सल्टंट तुमच्याबरोबर किमान 3 महिने काम केलेला असावा लागतो. वॉर्डाचं मत लेखी हातात असलं, तर त्यालाही विश्वासानं सही करता येते.

कोणाकडून घ्यायचा

टॅबसाठी किमान 10 उत्तरं लागतात. विनंत्या मात्र 15 जणांना तरी पाठवा, कारण सगळेच उत्तर देतात असं होत नाही. नुसती संख्या भरूनही चालत नाही. किमान 2 कन्सल्टंट किंवा जीपी, एफटूपेक्षा वरिष्ठ असा आणखी 1 डॉक्टर, बँड 5 (एनएचएसमधली वेतनश्रेणी) किंवा त्यावरच्या 2 नर्स, आणि फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, वॉर्ड क्लार्क, सेक्रेटरी, हेल्थकेअर असिस्टंट अशांपैकी 2 जण हवेत. तुमच्याच बॅचच्या मित्रानं वरिष्ठ डॉक्टरची जागा भरत नाही.

यादी करताना बहुतेक जण 'आपल्याला चांगलं म्हणणारे' शोधतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. जिच्याशी मागच्या आठवड्यात बेडवरून वाद झाला, त्या सिस्टरला जरूर विचारा. ती जे लिहील ते तुम्हाला दुसरीकडे कुठेही वाचायला मिळणार नाही.

काय विचारतात

प्रश्न चारच बाबींवर असतात: रुग्णांशी विश्वासाचं नातं, बोलण्यातलं कौशल्य, संघात काम करणं, आणि बोलावल्यावर उपलब्ध असणं. प्रत्येक बाबीला तीन पर्याय असतात: काळजीचं कारण नाही, थोडी काळजी वाटते, मोठी काळजी वाटते. काळजी नोंदवली, तर नेमकं काय खटकलं ते लिहावंच लागतं. तुम्हाला ईसीजी वाचता येतो की नाही, हे इथे कोणी तपासत नाही.

बोलण्याच्या बाबीत आपली माणसं कुठे अडतात, ते माझ्याच अनुभवातून सांगते. माझ्या पहिल्या टॅबमध्ये एकानं 'थोडी काळजी' नोंदवून खाली लिहिलं होतं: डॉक्टर मेहनती आहेत, पण हुकूम सोडल्यासारखं बोलतात. मला रडू आलं. मी तर सगळ्यांशी अदबीनं वागत होते! सुपरवायझरनं विचारलं, "फाइल मागताना नेमकं काय म्हणतेस?" मी म्हणाले, "गिव्ह मी द फाइल." तेव्हा उलगडा झाला. मराठीत 'सिस्टर, फाइल द्या ना' म्हटलं की आदर त्या 'द्या'मध्येच असतो. वेगळं 'कृपया' घरात किंवा वॉर्डात कोणी म्हणत नाही. इंग्रजीत गेल्यावर तो 'द्या' हरवतो आणि उरतो नुसता हुकूम. त्या दिवसापासून 'कुड आय', 'प्लीज' आणि 'थँक यू' जाणीवपूर्वक तोंडी बसवले. महिन्याभरात वॉर्डाची हवा बदलली.

प्रक्रिया आणि तयारी

वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. फाउंडेशनसाठी ईपोर्टफोलिओचं खातं सुरू असावं (इंग्लंडमध्ये होरस, स्कॉटलंडमध्ये टुरास), त्यात सुपरवायझरची नोंद असावी आणि अभिप्राय देणाऱ्यांचे कामाचे ईमेल पत्ते हाताशी असावेत. ट्रस्ट ग्रेडमध्ये असाल, तर रुग्णालयाच्या अप्रेझल किंवा रिव्हॅलिडेशन विभागाला विचारा, प्रश्नावली कुठली वापरायची ते तेच सांगतात.

सर्वांत आधी त्याच चार बाबींवर स्वतःचं मूल्यमापन भरायचं असतं. ते उरकून टाकू नका. इतरांची उत्तरं आली की दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात आणि शिकायचं असतं ते त्या फरकातच असतं. मग विनंत्या पाठवा. ईमेलवर विसंबून मात्र राहू नका. "तुम्हाला एक फॉर्म आलाय, खरं ते लिहा" एवढं समोर जाऊन सांगा. वॉर्ड क्लार्कला किंवा हेल्थकेअर असिस्टंटला डॉक्टरनं स्वतः येऊन मत विचारावं, याचं फार अप्रूप असतं.

वेळ महत्त्वाची आहे. फाउंडेशनची नेमणूक ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी सुरू होते आणि साधारण चार महिन्यांनी वॉर्ड बदलतो. म्हणून टॅब पहिल्याच नेमणुकीत घेतात. सप्टेंबरअखेर विनंत्या पाठवल्या, तर लोकांनी तुम्हाला पुरेसं पाहिलेलं असतं, आणि काही कमी पडलं तर सुधारून दाखवायला वर्ष शिल्लक असतं.

निकाल आल्यावर

उत्तरं थेट तुमच्याकडे येत नाहीत. सुपरवायझर ती आधी पाहतात आणि मग एकत्रित, नावाविना तुम्हाला दाखवतात. कोणी काय लिहिलं याचा शोध घेत वॉर्डात फिरू नका. ते चटकन लक्षात येतं आणि पुढच्या वेळी कोणी खरं लिहीत नाही. गंभीर काळजी नोंदवली गेली, तर टॅब पुन्हा घ्यायला सांगतात. यात पास-नापास नसतं, पण एआरसीपीच्या वेळी पॅनेल तो पाहतं. सुपरवायझरशी बोलणं झालं की त्याच आठवड्यात पोर्टफोलिओमध्ये थोडक्यात चिंतन लिहा: काय खटकलं, का खटकलं, आता काय वेगळं करणार. आणि ज्यांनी वेळ काढून फॉर्म भरला, त्या सगळ्यांना आभाराचा एक निरोप पाठवा.