ई-रीडरच्या पडद्यामागची शाई

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांना ई-रीडर, म्हणजे डिजिटल पुस्तके वाचण्याचे उपकरण, घ्यायचा होता. दुकानात त्यांना सांगण्यात आले की अमुक कंपनीचा पडदा डोळ्यांना सुरक्षित असतो, तर तमुक कंपनीच्या पडद्यातून निघणाऱ्या किरणांनी चष्म्याचा नंबर वाढतो. घरी परतल्यावर बाईंनी मला विचारले, “मला तर दोन्ही पडदे सारखेच दिसले, मग फरक नेमका कुठे असतो?”

बाईंचे निरीक्षण अचूक होते. किंडल, कोबो, पॉकेटबुक आणि बूक्स यांची नावे आणि किमती वेगळ्या असल्या, तरी त्यांच्या ई-रीडरमधील पडद्याचा गाभा ई इंक या एकाच कंपनीकडून येतो. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात झालेल्या संशोधनातून १९९७ साली ही कंपनी उभी राहिली आणि २००९ साली ती तैवानमधील एका कंपनीने विकत घेतली.

या पडद्यातील शाई पाहण्यासारखी असते. मी एका जुन्या ई-रीडरचा पडदा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, वरून प्रकाश टाकून पाहिला, तेव्हा ‘क’ या अक्षराची कड मला सरळ रेघेसारखी न दिसता साबुदाण्याचे दाणे एकमेकांना खेटून पसरावेत तशी दिसली. हे दाणे म्हणजे साधारण केसाच्या जाडीच्या सूक्ष्म कुप्या. प्रत्येक कुपीत पारदर्शक तेलकट द्रव असतो आणि त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे, धनप्रभारित कण व काळे, ऋणप्रभारित कण तरंगत असतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही हेच टायटॅनियम डायऑक्साइड असते. त्याचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, फार मोठा असल्यामुळे त्याच्या कणांचा पातळ थरही प्रकाश चहूकडे विखुरतो आणि कागदासारखा पांढरा दिसतो.

कुप्यांच्या खाली ट्रान्झिस्टरांची, म्हणजे विजेच्या सूक्ष्म बटणांची, जाळी असते. खालच्या एखाद्या बिंदूला ऋण विद्युत्‌दाब दिला की पांढरे कण त्याच्याकडे खाली ओढले जातात, काळे वर ढकलले जातात आणि तो बिंदू काळा होतो. दाब उलटा केला की तोच बिंदू पांढरा होतो. विद्युत्‌क्षेत्रामुळे द्रवातील प्रभारित कण असे सरकण्याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. या तत्त्वावर पडदा करण्याचे प्रयत्न १९७० च्या दशकात जपानमध्ये झाले होते, परंतु मोकळ्या द्रवातील कण कालांतराने एका जागी गोळा होत असत. कणांना कुप्यांमध्ये कोंडल्यामुळे ती अडचण दूर झाली. इंचाला ३०० बिंदू असलेल्या पडद्यावर एक बिंदू सुमारे ८५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जवळजवळ कुपीएवढाच असतो. त्यामुळे एकाच कुपीचा अर्धा भाग काळा आणि अर्धा पांढरा राहू शकतो, आणि अक्षराची कड कुपीच्या मधूनच जाते.

विद्युत्‌दाब काढून घेतल्यावरही कण जागा सोडत नाहीत, आणि मला या यंत्रणेतील सर्वात सुंदर गोष्ट हीच वाटते. म्हणूनच वीज मुख्यतः पान उलटताना लागते आणि बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. मात्र कण द्रवातून सरकत असल्याने थंडीत द्रव घट्ट झाला की त्यांची गती मंदावते. उपकरण आतील तापमान मोजून दाबाच्या स्पंदांचा क्रम बदलते, तरीही नाशिकच्या जानेवारीतील पहाटे गॅलरीत बसून वाचताना पान थोडे रेंगाळत उलटते. तो बिघाड नव्हे.

आता किरणांविषयी. हा पडदा स्वतः प्रकाश देतच नाही. आपण त्यावर पडलेला प्रकाश परावर्तित होऊन पाहतो. कडेला बसवलेल्या छोट्या दिव्यांचा प्रकाशही आधी पानावर पडतो आणि मग डोळ्यांकडे येतो. पडद्यांच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमी स्पष्ट सांगते. चष्म्याच्या नंबराची भीती घालून वस्तू विकणे हे ताईत विकण्यापेक्षा वेगळे नाही.

मग निवड कशावरून करावी? पहिली गोष्ट पुस्तकांच्या कुलपाची. किंडलच्या दुकानातून घेतलेले पुस्तक सहसा कोबोवर उघडत नाही, त्यामुळे आपल्याला हवी ती मराठी पुस्तके कोणत्या दुकानात मिळतात हे उपकरणाआधी पाहावे. रंगीत पडद्याचा मोह कादंबऱ्या वाचणाऱ्याने टाळावा, कारण रंगांची गाळणी वर बसवल्याने पान काळवंडते आणि रंगीत चित्रांची बारकाई इंचाला १५० बिंदूंवर येते. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ वाचायच्या असतील, तर सहा इंची पडद्यावर अक्षरे मुंगीएवढी होतात. त्यासाठी दहा इंची पडदाच हवा.

देवनागरीची परीक्षा मात्र प्रत्येक उपकरणावर स्वतः घ्यावी, कारण अक्षरे जोडण्याचे काम पडदा करत नाही, त्या त्या कंपनीची प्रणाली करते. मी बाईंना एका कागदावर ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कर्तृत्व’, ‘उद्ध्वस्त’ आणि ‘किल्ली’ हे शब्द लिहून दिले आहेत. हे शब्द असलेली फाईल दुकानातील उपकरणावर उघडायला सांगावी. ‘ऱ्या’मधला अर्धा र मोडून वेगळा पडला किंवा ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर ते उपकरण मराठी वाचनासाठी घेऊ नये.